साठ की आठ? कानाच्या रिपोर्टातले शब्द

मराठीत कानासाठी शब्दांचा तुटवडा नाही. लहान मुलाचा कान फुटतो, मग तो वाहतो, थंडीत ठणकतो. घाट चढताना दडे बसतात, फटाक्यांनी कानठळ्या बसतात. म्हाताऱ्या माणसाला कमी ऐकू येतं, आणि अगदीच ऐकू येत नसेल तर आपण ‘ठार बहिरा’ म्हणून मोकळे होतो. पण याच तक्रारी घेऊन कानाच्या डॉक्टरकडे गेलं की हातात जो कागद पडतो त्यात यातला एकही शब्द नसतो. तिथे लिहिलेलं असतं : ‘बायलॅटरल हाय फ्रिक्वेन्सी सेन्सरीन्यूरल हिअरिंग लॉस विथ टिनिटस’.

हे वाक्य माझ्या पप्पांच्या रिपोर्टातलं आहे. आमचं इचलकरंजीत मागाचं शेड आहे, आठ मागांचं. पप्पा तिशीच्या आतच त्यात उभे राहिले ते आजतागायत. मी के.जी.पासून कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे घरात इंग्रजी कागद आला की तो माझ्या पुढ्यात येऊन पडतो, मग ती बँकेची नोटीस असो की मोटारीच्या विम्याचं पत्र. गेल्या दिवाळीत हा आला. वाचता सगळा येत होता, स्पेलिंगसकट! अर्थ लावायला मात्र सुट्टीचे आठ दिवस आणि हॉस्टेलवर परत आल्यावर लायब्ररीतल्या बऱ्याच संध्याकाळी गेल्या. घरात तोवर मतं तयार होती. आत्या म्हणाली, मळ साठलाय, कोमट तेल सोडा. काका म्हणाले, हल्ली ऑपरेशनने पडदा नवीन बसवतात. आईचं मत सगळ्यात जुनं : “त्यास्नी पाहिजे तेवढंच ऐकू येतंय.” तिघांनाही उत्तर त्याच एका ओळीत होतं, फक्त ते फोडून वाचायला हवं होतं. ते कसं फोडायचं हे इथे लिहिते, कारण आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी असा कागद आज ना उद्या येणार आहे.

डॉक्टरी शब्द म्हणजे रेल्वेच्या डब्यांसारखे असतात. पुढे इंजिन, मागे डबा, आणि दोन्ही वेगळे करता येतात. ‘ओटो’ म्हणजे ग्रीकमध्ये कान. ‘अल्जिया’ म्हणजे दुखणं, म्हणून ओटाल्जिया म्हणजे आपला ठणका. ‘रिया’ म्हणजे वाहणं, तोच डायरियातला रिया. ओटोरिया म्हणजे कान वाहणं. ‘आयटिस’ म्हणजे दाह किंवा सूज. ओटायटिस मीडिया म्हणजे मधल्या कानाची सूज, ज्यातून पुढे लहान मुलांचे कान फुटतात. ‘मायकोसिस’ म्हणजे बुरशी; ओटोमायकोसिस पावसाळ्यात कानात काड्या घालणाऱ्यांना हमखास भेटतो. टिनिटस हा लॅटिन, मूळ अर्थ घंटेसारखं वाजणं. प्रेसबायक्युसिस म्हणजे वय झाल्यामुळे कमी ऐकू येणं; त्यातला शेवटचा तुकडा आणि आपल्या फिजिक्समधलं अकूस्टिक्स हे एकाच ग्रीक क्रियापदाचे भाऊ. ‘बायलॅटरल’ म्हणजे दोन्ही बाजूंचं, एवढंच. एवढा मोठा शब्द बघून आई घाबरली होती.

गंमत म्हणजे हे सगळं आपल्याकडे आधीपासून आहे. सुश्रुतसंहितेत कानाचे २८ रोग दिलेत. त्यात कर्णशूल आहे, कर्णस्राव आहे, बाधिर्य आहे, मळासाठी कर्णगूथ आहे, आणि टिनिटससाठी कर्णनाद. मला विचाराल तर कर्णनाद हा शब्द टिनिटसपेक्षा कितीतरी सरस आहे, तो उच्चारतानाच कानात घुमतो. आणि फर्स्ट इयरला ज्यांनी सर्ड सोडवले त्यांच्यासाठी एक : वर्गमूळ दोनसारख्या संख्यांना अरबी गणितज्ञ ‘बहिऱ्या’ म्हणत. त्याचं लॅटिन भाषांतर झालं सर्डस, म्हणजे बहिरा. तोच हा सर्ड. असो.

आता मुख्य शब्दाकडे. ऐकू कमी येण्याचे दोन मोठे प्रकार, कंडक्टिव्ह आणि सेन्सरीन्यूरल. दोन्ही एकत्र असले की मिक्स्ड. ‘बहिरेपणा’ या आपल्या एका शब्दात हे दोन्ही गुंडाळले जातात आणि तिथेच सगळा घोळ होतो. कारण हे दोन शब्द किती ऐकू येत नाही ते सांगतच नाहीत, बिघाड कुठे आहे ते सांगतात. गाडी बंद पडली तर मेकॅनिक आधी विचारतो ना, पेट्रोल येत नाही की स्पार्क नाही? तसंच.

कंडक्टिव्ह म्हणजे आवाज आतपर्यंत पोचवण्याच्या रस्त्यातला बिघाड. हा रस्ता बाहेरच्या कानापासून सुरू होतो, सुमारे २५ मिलिमीटरच्या नळीतून पडद्यापर्यंत जातो आणि पुढे तीन हाडांवरून. मॅलियस, इन्कस, स्टेपिस. मराठी पुस्तकात हातोडी, ऐरण आणि रिकीब. रिकीब हे शरीरातलं सगळ्यात लहान हाड, जेमतेम ३ मिलिमीटर. हे तीन तुकडे तिथे कशाला? इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांनी हे उत्तर पाठ करून ठेवावं : इम्पीडन्स मॅचिंग. आतल्या कानात द्रव आहे. हवेतला आवाज थेट द्रवावर आदळला तर ९९.९ टक्के ऊर्जा परावर्तित होते, म्हणजे ३० डेसिबलचं नुकसान. पडद्याचं कामाचं क्षेत्रफळ रिकिबीच्या तळापेक्षा सुमारे १७ पट मोठं आहे आणि हाडांच्या तरफेमुळे आणखी १.३ पट फायदा मिळतो. गुणाकार २२, म्हणजे जवळजवळ २७ डेसिबल. गेलेलं बहुतेक सगळं वसूल! कुठलाही ट्रान्सफॉर्मर न गुंडाळता.

या रस्त्यात मळाचा बोळा बसला, पडद्याला भोक पडलं, मागे पाणी साठलं किंवा रिकीब जागच्या जागी घट्ट झाली, तर तो कंडक्टिव्ह लॉस. रिकीब घट्ट होते त्याला ओटोस्क्लेरोसिस म्हणतात. पडद्यामागची हवा घशाकडून येते, युस्टेशियन नळीतून. दडे बसतात ते ही नळी न उघडल्यामुळे. पडदा किती हलतो हे मोजणं म्हणजे टिम्पॅनोमेट्री. तिच्या रिपोर्टात ए टाईप आलं तर ठीक, सी म्हणजे आत दाब कमी, बी म्हणजे आलेख सपाट, बहुतेक वेळा मागे पाणी. काकांचं ‘नवीन पडदा’ म्हणजे टिम्पॅनोप्लास्टी, आणि आत्याचा मळ म्हणजे सेरुमेन. दोघांचंही निदान या रस्त्यावरचं, आणि रस्त्यावरचे बरेचसे बिघाड दुरुस्त होतात. (तेल मात्र कोणीच सोडू नये. पडद्याला भोक असलं तर ते थेट आत जातं.)

पप्पांचं टिम्पॅनोग्राम ए टाईप होतं. रस्ता मोकळा. बिघाड पुढे होता.

पुढे आहे कॉक्लिया, गोगलगाईच्या शंखासारखी अडीच वेढ्यांची नळी. उलगडली तर सुमारे ३५ मिलिमीटर. तिच्या लांबीभर केसासारखे तुरे असलेल्या पेशी ओळीने बसलेल्या असतात, एका कानात साधारण १५ हजार. दाराजवळच्या पेशी उंच सुरांना हलतात, सगळ्यात आतल्या खर्जाला. हे प्रत्यक्ष मोजून दाखवणारा माणूस डॉक्टर नव्हता. जॉर्ज फॉन बेकेशी हा बुडापेस्टच्या पोस्ट खात्याच्या टेलिफोन प्रयोगशाळेत काम करायचा. चांगला टेलिफोन कसा असावा हे ठरवायला त्याने कान उघडून बघितला आणि १९६१ साली त्याला वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्या डिपार्टमेंटच्या भिंतीवर त्याचा फोटो असायला हरकत नाही.

या पेशी किंवा त्यांच्या मागची नस खराब झाली तर तो सेन्सरीन्यूरल लॉस. सेन्सरी म्हणजे पेशी, न्यूरल म्हणजे नस. माणसाच्या कानात या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. कोंबडीच्या उगवतात, आपल्या नाही. म्हणून या एका शब्दाने तेल, थेंब आणि पडद्याचं ऑपरेशन तिन्ही बाद होतात. उरतं ते कानाचं मशीन, आणि जेवढं शिल्लक आहे ते सांभाळणं. यात एक अपवाद सगळ्यांनी लक्षात ठेवा : एका कानाने एका-दोन दिवसांत अचानक ऐकू येईनासं झालं तर तोही सेन्सरीन्यूरलच असू शकतो, पण ती इमर्जन्सी आहे. त्यावर औषध लवकर सुरू झालं तरच उपयोग होण्याची शक्यता असते. मळ असेल म्हणून आठवडा काढू नये.

आता प्रश्न असा की बाहेर बसलेल्या माणसाला बिघाड रस्त्यातला की पेशींतला हे कळतं कसं? युक्ती साधी आहे. हेडफोनमधून आवाज दिला तर तो सगळा रस्ता चालून जातो. कानामागच्या हाडावर कंपन दिलं तर ते रस्ता टाळून थेट कॉक्लियात पोचतं. हाडातून चांगलं आणि हवेतून कमी ऐकू आलं तर रस्ता खराब. दोन्हीकडून सारखंच कमी, तर पेशी. १८५५ मध्ये रिने नावाच्या जर्मन डॉक्टरने हे नुसत्या ट्युनिंग फोर्कने केलं, आणि रिने टेस्ट आजही होते, सहसा ५१२ हर्ट्झच्या फोर्कने. ऑडिओग्रामवर याच दोन रेषा काढतात. उजवा कान लाल गोल, डावा निळी फुली. दोन रेषांमधलं अंतर म्हणजे एअर-बोन गॅप. पप्पांच्या कागदावर दोन्ही रेषा एकमेकींवर बसल्या होत्या.

हा आलेख बघताना आपली सवय आडवी येते. यात वर शून्य असतं आणि आकडे खाली वाढत जातात, म्हणजे रेषा जितकी खाली तितकं ऐकणं वाईट. आडव्या अक्षावर २५० ते ८००० हर्ट्झ, प्रत्येक मुख्य घराला दुप्पट. आणि शून्य डेसिबल म्हणजे शांतता नव्हे, निरोगी तरुण माणसाला जेमतेम ऐकू येणारा आवाज. एखाद्याचं उणे ५ सुद्धा येतं. त्यामुळे डेसिबल म्हणजे टक्के नव्हेत. पप्पांच्या रिपोर्टात खाली ‘पीटीए २३’ लिहिलं होतं. काकांनी लगेच हिशेब केला, तेवीस टक्के गेलं, सत्त्याहत्तर शिल्लक. (आमच्या कॉन्व्हेंटमध्ये पीटीए म्हणजे पेरेंट-टीचर असोसिएशन, तेव्हा मलाही या अक्षरांची भीतीच.) इथे पीटीए म्हणजे प्युअर टोन अ‍ॅव्हरेज, ठरावीक सुरांची सरासरी.

आणि खरी मेख या सरासरीतच आहे. पप्पांचे चांगल्या कानाचे आकडे असे : ५०० हर्ट्झला १५, १००० ला २०, २००० ला ३५, ४००० ला ६५, आणि ८००० ला पुन्हा सुधारून ४५. जुन्या पद्धतीने पहिल्या तिघांची सरासरी काढतात, ती २३. जुन्या तक्त्यात २५ पर्यंत नॉर्मल. म्हणजे पप्पा नॉर्मल! जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालातल्या तक्त्यात ४००० सुद्धा धरतात आणि नॉर्मलची हद्द २० च्या आत आणली आहे. त्याप्रमाणे सरासरी जवळजवळ ३४, आणि २० ते ३५ म्हणजे माईल्ड. कान तोच, सकाळ तीच, कागद तोच. शब्द मात्र बदलला. म्हणून रिपोर्टच्या तळातला एक शब्द वाचून कधीच थांबू नका, रेषा बघा.

पप्पांच्या रेषेत ४००० वर खड्डा आहे आणि पुढे ती वर येते. याला नॉच म्हणतात, आणि हा खड्डा आवाजाने झालेल्या इजेची खूण समजतात. वयाने कमी झालेल्या ऐकण्याची रेषा सहसा खालीच जात राहते, वर येत नाही. खड्डा तिथेच का? याचं एक कारण बारावीच्या पुस्तकात आहे. कानाची नळी एका टोकाला बंद, म्हणजे क्लोज्ड पाईप. वारंवारता बरोबर ध्वनीचा वेग भागिले चार गुणिले लांबी. ३४० भागिले ०.१ काढा, ३४०० हर्ट्झ येतात. या पट्ट्यातला गोंगाट नळीच वाढवून आत सोडते, आणि सगळ्यात जास्त इजा कॉक्लियात त्याच्या थोडं वर होते. तीस वर्षांच्या खडखडाटाची सही त्या कागदावर होती.

आता आईच्या मताकडे. स्वर खालच्या वारंवारतेत असतात, त्यातच आवाजाचा जोर असतो. स, श, च, फ यांसारखी व्यंजनं वर आणि बारीक. पप्पांना माणूस बोलतोय हे पूर्ण ऐकू येतं, काय बोलतोय हे निसटतं. ‘साठ’ मधला स गेला की काय उरतं? ‘आठ’. सुताच्या व्यापाऱ्याशी फोनवर हा फरक लहान नाही. त्यातून जुना टेलिफोन फक्त ३०० ते ३४०० हर्ट्झ पुढे सोडायचा, म्हणून तर फोनवर चांगल्या कानाची माणसंही ‘साठ म्हणजे सहावर शून्य’ म्हणायला शिकली. आईचं दुसरं गाऱ्हाणं असं की हळू बोललं तर ऐकू येत नाही आणि जोरात बोललं तर “ओरडतीस कशाला?” म्हणतात. त्यालाही शब्द आहे : रिक्रूटमेंट. आपल्या कॉलेजात हा शब्द उच्चारला की सगळे टाय शोधायला पळतात, पण इथे त्याचा अर्थ असा की बारीक आवाज ऐकूच येत नाही आणि एकदा यायला लागला की झपाट्याने मोठा वाटायला लागतो. ऐकण्याचा पट्टा खालून कापला जातो, वरचं छत तिथेच राहतं. हे मी आईला स्टीलच्या डब्यावर चमचा आपटून समजावलं. ती म्हणाली, “मग इतकी वर्षं मी उगंच भांडले व्हय?” पप्पा समोरच होते. हसले. ऐकू आलं होतं की तिच्या तोंडाकडे बघून कळलं, ते विचारलं नाही. शेडमधले सगळेच ओठ वाचतात.

डेसिबलची बेरीज कशी होते हेही बघून घ्या. समजा एका मागाचा तुमच्यापर्यंत येणारा आवाज ९० डेसिबल आहे. दोन मागांचा १८० नाही, ९३. दर दुपटीला फक्त ३ वाढतात. असे आठ माग म्हणजे ९९. फारच थोडं वाढलं असं वाटतं ना? आता अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेचा नियम लावा : ८५ डेसिबलला ८ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ९९ ला येतात सुमारे १९ मिनिटं. पाळी असते आठ-बारा तासांची.

आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात आवाजामुळे येणारा बहिरेपणा हा कळवणं बंधनकारक असलेला रोग होता. पण त्या कायद्यातला कारखाना वीज वापरून १० कामगार असले की सुरू व्हायचा, आणि २०२० च्या नव्या संहितेत तो आकडा २० झाला. आठ मागांच्या शेडात इतकी माणसं कुठून येणार? अपंगत्वाच्या २०१६ च्या कायद्याचीही गाठ आकड्यांशीच आहे. बोलण्याच्या वारंवारतांवर दोन्ही कानांत ७० डेसिबल गेले तर ‘बहिरा’, ६० ते ७० असेल तर ‘ऐकू कमी येणारा’. ४००० वर ६५ असलेला माणूस यात कुठेच बसत नाही. त्याला फक्त साठ आणि आठ कळत नाही. हे मला पटत नाही, पण शब्द ठरवणाऱ्यांनी रेषा कुठे ओढली आहे हे निदान माहीत असावं.

इथपर्यंत वाचून हॉस्टेलवाल्यांना वाटेल, आमचा काय संबंध? गॅदरिंगच्या डीजे नाईटनंतर खोलीवर येऊन पडल्यावर कानात जी शीळ वाजत राहते आणि मित्राचा आवाज उशीतून आल्यासारखा वाटतो, त्याला टेम्पररी थ्रेशोल्ड शिफ्ट म्हणतात. सकाळी बरं वाटतं. पण २००९ मध्ये कुजावा आणि लिबरमन यांनी उंदरांवर दाखवलं की ऐकण्याचा आलेख पूर्ववत झाल्यावरही पेशी आणि नस यांच्यातले निम्म्यापर्यंत जोड कायमचे गेलेले असू शकतात. माणसात हे कितपत होतं यावर अजून वाद आहे; मी तरी पुढच्या गॅदरिंगला स्पीकरच्या पुढ्यात उभी राहणार नाही. इअरफोनसाठी मर्यादा आठवड्याला ४० तास, तेही ८० डेसिबलवर. बसमध्ये इंजिनाच्या वर गाणं ऐकू यावं म्हणून आपण आवाज कुठवर नेतो ते एकदा बघा.

फायनल इयरला जे फोर्जिंग, प्रेस शॉप, स्पिनिंग किंवा जनरेटर असलेल्या ठिकाणी ट्रेनिंगला जाणार आहेत त्यांनी जाण्याआधी एक ऑडिओग्राम काढून ठेवावा. याला बेसलाईन म्हणतात. पुढे रेषा खाली गेली तर किती गेली हे याच कागदाशी ताडून कळतं. चाचणीआधी किमान १४ तास मोठ्या आवाजापासून लांब राहायचं, नाहीतर आदल्या रात्रीचा टेम्पररी शिफ्टच कागदावर छापला जातो. पप्पांना त्यासाठीच सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, शेडात न जाता बोलावलं होतं. चाचणी करणारे ते ऑडिओलॉजिस्ट, आणि कानात बघून औषध किंवा ऑपरेशन ठरवणारे ते ई.एन.टी. डॉक्टर. मुंबईत बांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग संस्था केवळ याच कामासाठी आहे. कागद हातात आला की आधी दोन रेषांतलं अंतर बघायचं, मग ४००० वरचा खड्डा, आणि सरासरीत कुठकुठले आकडे धरलेत ते तिथल्या तिथे विचारून घ्यायचं. पप्पांनी आता मागाजवळ फोमचे इअरप्लग घालायला सुरुवात केली आहे. गोळी वळून बारीक करायची, दुसऱ्या हाताने कान वर ओढून आत सरकवायची आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायची. नुसती दाराशी टेकवली तर उपयोग नाही. पाच रुपयांना जोडी मिळते म्हणून त्यांनी शंभर आणल्यात, कांडीवाल्या पोरालाही एक दिली.